कार्ड स्वाइप झाल्यावर गल्ल्यात किती?

८ जानेवारी २०१७, रविवार. नोटाबंदीला त्या दिवशी बरोबर दोन महिने झाले होते. एटीएमपुढच्या रांगा अजून पुरत्या ओसरल्या नव्हत्या, खिशात रोकड जेमतेम होती, त्यामुळे गाडीत पेट्रोल भरायचे तर लोक कार्डच पुढे करत होते. आणि नेमक्या त्याच दिवशी देशभरातल्या पंपचालकांच्या संघटनेने जाहीर केले, की आज मध्यरात्रीपासून पंपावर कार्ड चालणार नाही. काही मोठ्या बँकांनी पंपचालकांना कळवले होते, की ९ जानेवारीपासून क्रेडिट कार्डाच्या व्यवहारावर १ टक्का आणि डेबिट कार्डावर पाव ते एक टक्का शुल्क कापले जाईल. सरकारची धावपळ झाली, बँकांनी निर्णय १३ जानेवारीपर्यंत पुढे ढकलला, आणि हा भार ग्राहकावरही पडणार नाही आणि पंपचालकावरही नाही, असे तेव्हाचे पेट्रोलियममंत्री धर्मेंद्र प्रधान यांना सांगावे लागले.

एका टक्क्यासाठी एवढा गदारोळ का व्हावा? पंपचालकाला कमिशन मिळते ते लिटरमागे ठरलेले. समजा, पेट्रोल ७० रुपये लिटर आहे आणि पंपचालकाला लिटरमागे अडीच रुपये सुटतात. बँकेचा एक टक्का लागतो तो पूर्ण ७० रुपयांवर, म्हणजे ७० पैसे. अडीच रुपयांतून ७० पैसे गेले, तर कमाईच्या चौथ्या हिश्शाहून अधिक गेले. त्या अडीच रुपयांतूनच मुलांचे पगार, विजेचे बिल आणि पंपाची देखभाल भागवायची असते. बँक टक्का मोजते विक्रीवर, दुकान चालते नफ्यावर. छोट्या व्यापाऱ्याने स्वाइप मशीन घेताना, किंवा आधी घेतलेल्या मशीनचा करार पुन्हा वाचताना, ही गोष्ट सतत डोळ्यांपुढे ठेवायला हवी. एरवी दीड टक्का आणि दोन टक्के यांतला फरक ‘अर्धाच तर टक्का’ वाटतो. शंभरावर आठ रुपये सुटणाऱ्या किराणा दुकानदाराच्या खिशातून तो अर्धा टक्का जातो, तेव्हा त्याच्या नफ्याचा सोळावा भाग गेलेला असतो.

दुकानदाराच्या स्टेटमेंटवर ही कपात एका ओळीत दिसते आणि तिचे नाव असते एमडीआर, म्हणजे मर्चंट डिस्काउंट रेट. हजार रुपयांचे बिल झाले, खात्यात ९८० आले, वीस गेले. ते वीस तिघांत वाटले जातात. पहिला हिस्सा ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेचा. याला इंटरचेंज म्हणतात आणि बहुतेक वेळा सर्वांत मोठा घास हाच असतो. दुसरा हिस्सा व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारख्या नेटवर्कचा. तिसरा दुकानदाराला मशीन देणाऱ्या बँकेचा किंवा कंपनीचा.

ही वाटणी कुठून आली, ते समजले की घासाघीस कुठे करायची हेही समजते. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरात सुमारे ६०,००० लोकांना न मागता टपालाने क्रेडिट कार्डे पाठवली. ग्राहकाला कार्ड देणारी बँक तीच, दुकानदाराकडून शुल्क घेणारीही तीच. हिशेब घरातल्या घरात होता. पुढे हेच कार्ड इतर बँकांनाही वापरू दिले गेले, तेव्हा प्रश्न उभा राहिला: ग्राहक एका बँकेचा आणि दुकान दुसऱ्या बँकेचे, तर दुकानाकडून आलेल्या पैशांत ग्राहकाच्या बँकेचा वाटा किती? पैसे बुडाले तर तिचे बुडणार, महिना-दीड महिना बिनव्याजी उधारीही तिचीच. त्या वाट्याचे नाव इंटरचेंज. १९७६ मध्ये त्या कार्डाचे नाव व्हिसा झाले. आज रिवॉर्ड पॉइंट, विमानतळावरच्या लाउंजमधली फुकट कॉफी, कॅशबॅक, या सगळ्याला लागणाऱ्या पैशांतला मोठा भाग त्याच इंटरचेंजमधून येतो. म्हणून भारी कार्डावर इंटरचेंजही सहसा भारी. ग्राहकाने काळे चकचकीत प्रीमियम कार्ड काढले की दुकानदाराला वाटते, चला, मोठे गिऱ्हाईक आले. मशीनमागची कपातही मोठी होणार, हे मात्र त्याला त्या क्षणी दिसत नाही.

इंटरचेंज आणि नेटवर्कचे शुल्क दुकानदाराने कितीही घासाघीस केली तरी हलत नाही. मशीन देणाऱ्याच्याही हातात ते नसते. हलतो तो फक्त तिसरा हिस्सा. तेव्हा दर ठरवायच्या सगळ्या पद्धती म्हणजे मुळात या तिसऱ्या हिश्शाची मांडणी आहे: तो उघड दाखवायचा, सरसकट टक्क्यात मिसळून टाकायचा, की महिन्याच्या भाड्यात घालायचा.

पद्धतींकडे वळण्यापूर्वी भारतातल्या नियमांची चौकट पाहायला हवी, कारण इथे सगळी कार्डे एका तागडीत नाहीत. भीम-यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. मशीनवर रुपे डेबिट कार्ड चालले तर दुकानदाराच्या खात्यात पूर्ण रक्कम यायला हवी. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या डेबिट कार्डांवर शुल्क आहे, पण त्याला रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकाने कमाल मर्यादा घालून दिली. आधीच्या आर्थिक वर्षात २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला मशीनवर ०.४० टक्के, आणि एका व्यवहारामागे जास्तीत जास्त २०० रुपये. त्याहून मोठ्या व्यापाऱ्याला ०.९० टक्के, आणि जास्तीत जास्त १,००० रुपये. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. तिथे बाजार ठरवेल तो भाव.

युरोपीय संघाने मात्र २०१५ मध्ये सामान्य ग्राहकांच्या कार्डांवरचे इंटरचेंजच बांधून टाकले: डेबिटवर ०.२ टक्के, क्रेडिटवर ०.३ टक्के. आपल्याकडे क्रेडिट कार्डाच्या बाबतीत दुकानदाराला आपली वकिली आपणच करावी लागते.

आता पद्धती. सर्वांत परिचित पद्धत सरसकट दराची. कोणतेही क्रेडिट कार्ड असो, दर एकच. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना पेमेंट गेटवे कंपन्या गेली अनेक वर्षे साधारण दोन टक्के अधिक जीएसटी असा दर सांगतात, तो हाच प्रकार. हिशेब सोपा, महिन्याचा खर्च आधीच कळतो, आणि विक्री झाली नाही तर खर्चही नाही. नव्याने धंदा सुरू करणाऱ्याला याहून चांगली पद्धत नाही. तिची किंमत एवढीच, की स्वस्त कार्डावर वाचलेला पैसा कंपनीकडे राहतो.

या पद्धतीला लोकप्रियता मिळवून दिली ती अमेरिकेतल्या स्क्वेअर कंपनीने, आणि तिची गोष्ट एका काचकामगारापासून सुरू होते. सेंट लुइस शहरात जिम मॅकेल्व्ही काचेच्या कलात्मक वस्तू फुंकून बनवत असे. काचेच्या एका महागड्या नळाचे गिऱ्हाईक त्याच्या हातून गेले, कारण गिऱ्हाइकाकडे अमेरिकन एक्स्प्रेसचे कार्ड होते आणि त्याला ते घेता येत नव्हते. २००९ मध्ये त्याने जॅक डॉर्सीबरोबर कंपनी काढली. फोनला जोडायचे एक लहानसे चौकोनी यंत्र आणि सर्वांना एकच दर. काही काळ तो दर होता २.७५ टक्के, बाकी काही नाही. रस्त्यावरचा भाजीवाला, केशकर्तनालय, शनिवारच्या बाजारात लोणची विकणारी बाई, सगळ्यांना तो समजत होता.

नोव्हेंबर २०१९ मध्ये स्क्वेअरने दर बदलला: २.६ टक्के अधिक प्रत्येक व्यवहारामागे १० सेंट. टक्का उतरला, म्हणजे स्वस्त झाले असे वाटेल. तीन डॉलरच्या कॉफीवर आधी सव्वाआठ सेंट जात होते, आता पावणेअठरा सेंटांहून थोडे जास्त जाऊ लागले. दुपटीहून अधिक! शंभर डॉलरच्या बिलावर मात्र आधी २.७५ डॉलर जात, आता २.७० जाऊ लागले. दोन्ही दर बरोबरीला येतात ते सुमारे ६६ डॉलर ६७ सेंटांच्या बिलावर. म्हणजे एकाच दिवशी, एकाच पत्रकाने, कॉफीवाल्याचा खर्च दुप्पट झाला आणि सायकली विकणाऱ्याचा थोडा कमी झाला. दर चांगला की वाईट, हे विचारण्याआधी सरासरी बिल केवढे, हे विचारावे लागते, याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा सापडणार नाही.

दुसरी पद्धत मूळ खर्च अधिक ठरलेला नफा अशी आहे. अमेरिकेत हिला इंटरचेंज-प्लस म्हणतात. इंटरचेंज आणि नेटवर्कचे शुल्क जसेच्या तसे दुकानदारावर येते, त्यावर मशीन देणारा आपला ठरलेला वाटा लावतो, समजा ०.३० टक्के. कोणाला काय गेले, ते बिलावर दिसते. साधी कार्डे जास्त चालत असतील तर हा हिशेब सरसकट दरापेक्षा स्वस्त पडतो. गिऱ्हाइकांत प्रीमियम, कंपनीच्या खर्चाची किंवा परदेशी कार्डे वापरणारे जास्त असतील तर महाग पडू शकतो. भारतात हा दर प्रामुख्याने मोठ्या साखळी दुकानांना आणि मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना दिला जातो. छोट्या दुकानदाराला कोणी आपणहून देणार नाही. पण विचारायला काय हरकत आहे? समोरचा नाही म्हणाला, तरी ‘तुमचा वाटा किती?’ या प्रश्नाने बोलणे योग्य जागी येते.

तिसरी पद्धत टप्प्यांची, आणि तिच्यापासून जपून राहावे. जाहिरातीत सर्वांत खालचा दर ठळक छापलेला असतो. तो दर विशिष्ट कार्डांना, विशिष्ट पद्धतीने स्वाइप केल्यावर लागू होतो. बाकीची कार्डे मधल्या किंवा वरच्या टप्प्यात जातात, आणि कोणते कार्ड कोणत्या टप्प्यात घालायचे, हे कंपनी ठरवते. अमेरिकेतल्या छोट्या व्यावसायिकांच्या सल्लागारांनी वर्षानुवर्षे ज्या पद्धतीविरुद्ध इशारे दिले, ती हीच. आपल्याकडे टप्पे एवढे औपचारिक नसले, तरी ‘०.९ टक्क्यापासून पुढे’ असे लिहिलेले पत्रक हातात आले की ‘पासून पुढे’ या दोन शब्दांवर बोट ठेवून पूर्ण दरपत्रक मागावे: साधे क्रेडिट कार्ड किती, प्रीमियम किती, कंपनीच्या नावाचे कार्ड किती, अमेरिकन एक्स्प्रेस किती, परदेशी कार्ड किती.

चौथी पद्धत भाड्याची. मशीनचे महिन्याला ठरावीक भाडे आणि टक्का कमी. हिचा निकाल लावायला वही-पेन्सिल पुरते.

समजा, एका तालुक्याच्या गावात फर्निचरचे दुकान आहे. महिन्याला क्रेडिट कार्डावर ६ लाखांची विक्री होते. एक कंपनी म्हणते २.१ टक्के, भाडे नाही. दुसरी म्हणते १.७ टक्के आणि महिना ५०० रुपये भाडे. पहिलीला जातात १२,६००. दुसरीला १०,२०० अधिक ५००, म्हणजे १०,७००. महिन्याला १,९०० रुपये वाचले, वर्षाला बावीस हजार आठशे. दुकानातल्या एका मुलाची दिवाळी त्यात नीट होईल. दोन्ही दर एकमेकांना कुठे भेटतात, तेही काढता येते: भाडे भागिले टक्क्यांतला फरक. ५०० भागिले ०.४ टक्के, म्हणजे सव्वा लाख. क्रेडिट कार्डाची विक्री महिन्याला सव्वा लाखाच्या वर असेल तर भाड्याचा सौदा फायद्याचा, खाली असेल तर तोट्याचा. फर्निचरवाल्याला पितृपक्षात गिऱ्हाईक नसते आणि लग्नसराईत उसंत नसते, हे ध्यानात घेऊन ही आकडेमोड एका महिन्यावर करू नये, बारा महिन्यांवर करावी. एखाद्या मंद महिन्यात क्रेडिटची विक्री ८० हजारांवर आली, तर पहिल्या कंपनीला १,६८० आणि दुसरीला १,८६० जातात. तेवढ्यावरून मशीन बदलणे घाईचे ठरेल.

आता त्याच रस्त्यावरचे मिसळीचे हॉटेल पाहू. सरासरी बिल १८० रुपये. बहुतेक लोक क्यूआर कोडवर पैसे देतात, कार्ड काढतो तो एखादाच. महिन्याला क्रेडिट कार्डावर जेमतेम ३० हजार येतात. दर २ टक्के आणि मशीनचे भाडे ४०० रुपये. टक्क्याचे गेले ६००. भाड्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४७२. एकूण १,०७२ रुपये, म्हणजे प्रत्यक्षात पडले साडेतीन टक्क्यांहून जास्त. या हॉटेलाला भाड्याचे मशीन नकोच. भाडे नसलेले साधे यंत्र, किंवा फोनवरच कार्ड टेकवून पैसे घेण्याची सोय, किंवा नुसता क्यूआर त्याला पुरे.

या हिशेबात जीएसटीची एक खुबी दडलेली आहे आणि ती फार थोड्या दुकानदारांना ठाऊक असते. एमडीआरवर १८ टक्के जीएसटी लागतो, पण एका व्यवहाराची रक्कम २,००० रुपयांपर्यंत असेल तर त्या कार्ड-सेवेला जीएसटीतून सूट आहे. पैसे जमा करणाऱ्या पेमेंट अ‍ॅग्रिगेटर कंपन्यांनाही ही सूट लागू आहे, असा खुलासा डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५ व्या बैठकीत झाला. म्हणून मिसळवाल्याच्या १८० रुपयांच्या बिलावरच्या ३ रुपये ६० पैशांवर जीएसटी नाही. भाड्यावर मात्र आहे. फर्निचरवाल्याच्या प्रत्येक मोठ्या बिलावर आहे. तो नियमित जीएसटी भरणारा असेल तर हा कर त्याला इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळतो. कंपोझिशन योजनेत असेल, तर मिळत नाही, आणि २.१ टक्के त्याला प्रत्यक्षात जवळजवळ अडीच टक्के पडतात. पाच टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलवाल्यालाही इनपुट क्रेडिट नाही. सबब दोन दुकानदारांनी एकमेकांचे दर ताडून पाहताना आधी कराची स्थिती सारखी आहे का, ते पाहावे.

फर्निचरच्या दुकानात आणखी एक गंमत आहे. डेबिट कार्डावरच्या १,००० रुपयांच्या मर्यादेचा फायदा मोठ्या बिलालाच मिळतो. ०.९० टक्क्याने १,००० रुपये होतात ते सुमारे १ लाख ११ हजारांच्या बिलावर; त्याच्या पुढे बिल कितीही चढले तरी शुल्क तेवढेच. दीड लाखाचा सोफासेट व्हिसाच्या डेबिट कार्डावर विकला तर १,००० रुपये गेले. तोच १.७ टक्क्याने क्रेडिट कार्डावर गेला तर २,५५०. रुपे डेबिटवर गेला तर काहीच नाही. गिऱ्हाइकाने कोणते कार्ड काढावे, हे दुकानदार ठरवू शकत नाही. पण ‘डेबिट कार्ड असेल तर बरं होईल, साहेब’ एवढे हसून म्हणायला कोणाची आडकाठी नाही.

‘कार्ड असेल तर दोन टक्के वर द्यावे लागतील’ हे वाक्य मात्र वेगळे. सराफ बाजारात आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ते सर्रास ऐकू येते. डेबिट कार्डाच्या बाबतीत व्यापाऱ्यांनी एमडीआर ग्राहकावर ढकलू नये, याची खबरदारी घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या त्याच परिपत्रकात बँकांना सांगितले आहे. क्रेडिट कार्डाबाबत दुकानदाराच्या करारात काय लिहिले आहे, ते वाचावे. ग्राहकाने तक्रार केली तर मशीनवर गदा येऊ शकते. ज्यांचा नफाच दोन-तीन टक्क्यांचा आहे, त्यांची अडचण खरी आहे, तिला खोटे म्हणता येणार नाही. पण तिचा उपाय मशीन देणाऱ्याशी दर ठरवताना शोधावा, काउंटरवर गिऱ्हाइकाशी वाद घालून नव्हे.

दर ठरवताना टक्क्याकडे पाहता पाहता बाकीच्या ओळी नजरेआड होतात. मशीन बसवायचे शुल्क, वार्षिक देखभाल, पेपर रोलचे पैसे, ठरलेल्या रकमेपेक्षा कमी विक्री झाली तर लागणारा दंड, करार मुदतीआधी मोडला तर द्यावी लागणारी रक्कम. पैसे सहसा पुढच्या कामकाजाच्या दिवशी जमा होतात. ते लगेच हवे असतील तर त्याचे वेगळे पैसे. माल परत आला आणि ग्राहकाला पूर्ण रक्कम परतवली, तरी आधी कापलेले शुल्क बहुतेक वेळा दुकानदाराला परत मिळत नाही. कपड्यांच्या ऑनलाइन दुकानाला हा खर्च चांगलाच जाणवतो. ‘नो-कॉस्ट ईएमआय’मधले व्याज कोणीतरी भरतेच. कधी माल बनवणारी कंपनी, कधी दुकानदार. दुकानदार भरणार असेल तर त्याचा आकडा आधी कागदावर मागावा.

घरून धंदा करणाऱ्यांना यातली एक ओळ विशेष महत्त्वाची आहे. पुण्या-मुंबईतून दरवर्षी दिवाळीचा फराळ अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाला जातो. मुलगी न्यू जर्सीत, आई डोंबिवलीत. ऑर्डर आईनेच दिली आणि पैसे इथूनच भरले, तर देशातला दर लागेल. तीच ऑर्डर मुलीने तिकडच्या कार्डावर दिली, तर परदेशी कार्डाचा दर लागतो. गेटवे कंपन्यांकडे तो बरेचदा तीन टक्क्यांच्या आसपास असतो. चलन बदलाची वजावट वेगळी. चकलीच्या डब्याची किंमत ठरवताना तेल, भाजणी, डबा, कुरिअर सगळे धरले जाते; हा तीन टक्क्यांचा वाटा धरायचा राहून जातो, आणि हंगामाच्या शेवटी ‘एवढं विकूनही हातात कसं काही राहिलं नाही’ असा प्रश्न पडतो.

हे सगळे एका आकड्यात पकडायची सोपी रीत आहे. महिन्याचे स्टेटमेंट काढावे, त्यात टक्का, भाडे, कर, किरकोळ शुल्के, जे जे कापले गेले ते सगळे एकत्र करावे, आणि त्या महिन्यातल्या एकूण कार्डविक्रीने भागावे. येईल तो खरा दर. कागदावर १.७ लिहिले असेल आणि भागाकार २.४ सांगत असेल, तर मधले ०.७ कुठे गेले, ते स्टेटमेंटमध्येच दडलेले असते. रुपे डेबिट, इतर डेबिट, क्रेडिट आणि यूपीआय यांची विक्री वेगवेगळी मांडली, तर रुपे डेबिटवर चुकून शुल्क लागले आहे का, व्हिसा डेबिटवर मर्यादेपेक्षा जास्त कापले आहे का, हेही कळते. कंपनी एकच एक दर सांगत असेल, तर तिला पहिला प्रश्न हाच असावा: डेबिटची ओळ वेगळी दाखवाल का? सहा महिन्यांची अशी स्टेटमेंटे टेबलावर ठेवून दर मागणारा दुकानदार आणि ‘जरा कमी करा की’ म्हणणारा दुकानदार, यांना मिळणारी उत्तरे वेगळी असतात.

यूपीआयने हा सगळा पट गेल्या दहा वर्षांत बदलून टाकला. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत त्याची सुरुवात झाली तेव्हा कार्ड हाच आधुनिक व्यवहार मानला जाई. आज पानपट्टीपासून सराफाच्या पेढीपर्यंत क्यूआर आहे आणि छोटी बिले जवळजवळ सगळी तिकडेच गेली आहेत. मशीनवर उरली ती मोठी आणि उधारीची बिले. पूर्वी दुकानदार शंभर-दोनशेची बिलेही मशीनवर घेई, तेव्हा सरासरी बिल लहान होते. आता ते मोठे झाले आहे. २०१८ किंवा २०१९ मध्ये ठरवलेला दर त्या वेळच्या बिलांवर ठरलेला होता. ज्या दुकानदाराने तेव्हापासून करार उघडून पाहिलेला नाही, त्याने तो जरूर उघडावा.

क्यूआरसुद्धा पूर्वीसारखा साधा राहिलेला नाही. मोफत व्यवहाराचा खर्च बँकांनी कशातून भागवायचा, हा वाद चालूच आहे. २०२४-२५ साठी केंद्राने छोट्या दुकानदारांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या भीम-यूपीआय व्यवहारांपोटी बँकांना ०.१५ टक्के देणारी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. दुकानदाराला त्यातून काही भरावे लागत नाही. पण सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. गिऱ्हाईक तोच क्यूआर स्कॅन करते, तीच बीप वाजते, स्पीकरवरची बाई तोच आकडा बोलते. मागे मात्र पैसे क्रेडिट कार्डातून आलेले असतात. छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर शुल्क नाही. त्याहून मोठ्या बिलावर क्रेडिट कार्डासारखी कपात होऊ शकते. एप्रिल २०२३ मध्ये वॉलेटमधून यूपीआयवर येणाऱ्या २,००० रुपयांवरच्या व्यवहारांना १.१ टक्क्यापर्यंत इंटरचेंज लागू झाले, तेव्हा ‘यूपीआय महागले’ अशी आवई उठली होती; बँक खात्यातून खात्यात जाणारा पैसा तेव्हाही मोफत होता आणि आजही आहे. गोंधळ झाला तो सगळ्या प्रकारचे पैसे एकाच काळ्या-पांढऱ्या चौकोनातून येतात म्हणून.

तेव्हा साडीच्या दुकानात साडेचार हजारांची पैठणी क्यूआरवर विकली गेली आणि दुसऱ्या दिवशी खात्यात साडेचार हजारांना थोडे कमी आले, तर बँकेची चूक गृहीत धरण्याआधी अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट दाबावे. ‘रुपे क्रेडिट’ असे बारीक अक्षरात लिहिलेले असेल, आणि खाली कापलेल्या रुपयांचा आकडा.